परतीच्या पावसात कोयनेच्या पाण्यावर : दोन कनू, दोन तंबू आणि आम्ही चौघं

कोयनेचं बॅकवॉटर म्हटलं की मुंबईच्या ट्रेकर मंडळींना आधी वासोटा आठवतो. रात्री निघायचं, सकाळी बामणोली गाठायची, लाँच ठरवायची, पलीकडे मेट इंदवलीला उतरून गड चढायचा आणि अंधार पडायच्या आत परत लाँचमध्ये. मीही तशीच गेलेय. पण दर वेळी त्या इंजिनाच्या घरघरीत बसून किनारा भराभर मागे जाताना बघितला की जीव हळहळायचा. या जलाशयाचं पाणी डोंगराच्या घळ्यांमध्ये जागोजागी आत घुसलंय, ओढे येऊन मिळतात तिथे एकदम शांत हिरवेगार कोपरे झालेत, आणि लाँच त्यातल्या एकाही कोपऱ्यात वळत नाही. तिथे आपण वल्हवत जायचं, वाटेल तिथे थांबायचं, किनाऱ्यावर तंबू टाकायचा हे कधीपासून डोक्यात होतं.

मग ठाणेकराने दोन जुन्या कनू विकत घेतल्या आणि विषय पक्का झाला. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, कनू म्हणजे वरून पूर्ण उघडी, दोन्ही टोकांना निमुळती अशी लांबट होडी. कयाकमध्ये पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात, कनूत एकाच पात्याचं वल्हं, एक जण पुढे एक जण मागे आणि मधे सामानाला भरपूर जागा. कॅम्पिंग करायचं तर कनूच बरी, सगळा संसार मावतो. मनोरीच्या खाडीत भरतीच्या वेळा बघून बघून आम्ही सराव केला होता, ओहोटीला तिथे नुसता चिखल उघडा पडतो आणि होडी हलत नाही म्हणून सगळं भरतीच्या घड्याळावर.

आम्ही चौघं म्हणजे ठाणेकर, गिरगावकर, डोंबिवलीकरीण आणि मी भांडुपची. ग्रुपमध्ये एकमेकांना गावाच्याच नावाने हाक मारायची सवय पडलीये, तेच इथे ठेवते.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडला तो मुद्दाम. जलाशय तेव्हा काठोकाठ भरलेला असतो (पूर्ण भरलं की कोयनेत १०५ टीएमसीच्या, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांच्या वर पाणी असतं) आणि पर्यटकांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. प्रश्न परतीच्या पावसाचा. जुलैचा पाऊस आणि परतीचा पाऊस यांचा स्वभावच वेगळा, जुलैत सह्याद्रीत दिवसरात्र कोसळतो पण कडकडाट कमी, परतीचा मात्र सकाळी गायब, दुपारी ऊन तापलं की ढग चढायला लागतात आणि संध्याकाळी विजांसकट धो धो. म्हणून निघायच्या आधीच ठरवून टाकलं की उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं आणि अकराच्या आत किनाऱ्याला लागायचं. पाऊस पडला तर पडू दे, पावसाने माणूस फक्त भिजतो. वारा उठला की काठाकाठाने जायचं. गडगडलं की लगेच पाण्याबाहेर, कोणी कितीही म्हटलं की समोरच दिसतंय तरी. पूर्ण ट्रिप या एका गोष्टीवर चालली आणि म्हणूनच चांगली झाली असं माझं ठाम मत आहे.

गुरुवार रात्र

बोलेरोच्या टपावर दोन्ही कनू पालथ्या बांधल्या. पट्टे बांधताना प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्यायचा, नाहीतर एक्सप्रेसवेवर वाऱ्याने ते असे भुणभुणतात की आत कोणाला झोप लागत नाही. सामान सगळं झाकणाला क्लॅम्प असलेल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये आणि ड्राय बॅगांमध्ये. ठाण्याहून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, पनवेलला सुरू झाला, घाटात धुकं, पुण्याच्या पुढे परत कोरडं. खेड शिवापूरला चहा, खंबाटकीचा घाट, आणि पहाटे पाचला साताऱ्यात. तिथून यवतेश्वरचा घाट चढून कास.

कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे हे सगळ्यांना माहितीये, पण फुलांचा भर ओसरल्यावर पहाटेच्या धुक्यात तिथून जाणं हे वेगळंच. रस्त्याच्या कडेला सोनकी पिवळीधमक उभी होती, तेरडा संपत आलेला, वीस फुटांच्या पुढे काही दिसत नव्हतं. गाडी हळूहळू चालवत खाली बामणोलीत उतरलो.

शुक्रवार

बामणोलीच्या काठावर कनू उतरवल्या आणि दहा मिनिटांत लाँचवाले जमले. हात लावून बघितला, वजन बघितलं, एक जण म्हणाला, "ताई, ही लई हलकी हाय, वाऱ्यात टिकायची न्हाय." त्याचं बोलणं आम्ही नीट ऐकून घेतलं. कुठल्या टेकाडाजवळ वारा जोरात लागतो, कुठे बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली आहेत, लाँच कुठल्या बाजूने जाते हे सगळं त्यांनी काठीने मातीत नकाशा काढून सांगितलं. असं सांगणारी माणसं भेटणं हे कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं आहे.

राहण्याचं आधीच ठरवून आलो होतो. पश्चिमेचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, तिथे मुक्काम करता येत नाही आणि करूही नये. आम्ही राहणार पूर्वेच्या बाजूला, गावातल्या लोकांच्या खाजगी जमिनीवर, मालकाला फोन करून, विचारून.

साडेसातला पाण्यात. मी आणि डोंबिवलीकरीण एका कनूत, ती पुढे मी मागे. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने दिशा. मागच्याचं काम जरा कसबाचं असतं, कारण एकाच बाजूला वल्हवलं की होडी दुसऱ्या बाजूला वळायला लागते, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट फिरवून अंगठा खाली करायचा आणि वल्ह्याचं पातं हलकेच बाहेर ढकलायचं, की नाक परत सरळ. पहिला अर्धा तास हे डोक्याने करावं लागतं, मग हात आपोआप करतो आणि तुम्ही आजूबाजूला बघायला मोकळे.

आणि बघण्यासारखं होतं! बारीक रिमझिम चालू झाली. वारा अजिबात नाही. मोठ्या होडीतून पाऊस दिसतो तो वरून, कनूत आपण पाण्याच्या वर जेमतेम वीतभर बसलेलो असतो त्यामुळे प्रत्येक थेंब पडतो, त्या जागेवरून एक छोटा थेंब उलटा वर उडतो आणि मग गोल पसरतो हे डोळ्यांच्या समोर दिसतं, सगळीकडे, नजर जाईल तिथपर्यंत. आवाज पण वेगळा, पत्र्यावरच्या पावसाचा धडधडाट नाही, नुसती बारीक सळसळ. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. एका घळीत वळलो तिथे ओढा वरून पांढरा होऊन येत होता, काठावर जांभळीच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या, एक खंड्या आमच्या नाकासमोरून निळी रेघ ओढल्यासारखा गेला.

दहा वाजता मुक्कामाच्या जागी. सपाट खाचर, बाजूला नाचणी, वर दहा-बारा घरं. पावसात कॅम्प लावायचा तर आधी ताडपत्री, मग तंबू, हा क्रम सोडायचा नाही. दोन झाडांमध्ये दोरी ताणून तिच्यावर ताडपत्री टाकायची, वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत खाली, दुसरी उंच, आणि मग त्या छताखाली उभं राहून आरामात तंबू बांधायचा. आतलं कापड कोरडं राहतं. दुसरा नियम म्हणजे कपड्यांचा एक जोड फक्त तंबूतला. तो घालून बाहेर पाऊल टाकायचं नाही, मग काहीही होवो. सकाळी उठल्यावर परत ओले कपडे चढवताना अंगावर काटा येतो पण पाच मिनिटं वल्हवलं की अंग गरम होतं, आणि रात्रीची कोरडी झोप गेली तर दुसरा दिवस गेलाच म्हणून समजा.

जळण गावातून विकत घेतलं. पावसात रानातली काटकी पेटत नाही, गावात मात्र पडवीत रचून ठेवलेलं वाळकं लाकूड असतं, पैसे देऊन घ्यावं. पेटवायला नारळाच्या शेंड्या आणि कापूर घरून आणलेला, एका काडीत पेटतं. पिठलं-भात, लसणाचा ठेचा आणि गवती चहा. चारनंतर ढग आले, थोडा गडगडाट, तासभर जोरदार सर. रात्री पलीकडच्या जंगलातून सांबराचा आवाज आला, पाण्यावरून इतका स्वच्छ की गिरगावकर तंबूतून बाहेर येऊन उभा राहिला.

शनिवार

सहाला पाण्यात. उत्तरेकडे तापोळ्याच्या दिशेने निघालो. तापोळ्याला कोयना आणि सोळशी एकत्र येतात. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे येते, हेळवाकला धरणाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरणामुळे हेळवाकपासून मागे तापोळ्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर पाणी तुंबलंय, त्याचंच नाव शिवसागर. आपल्याला नकाशात तलाव दिसतो पण वल्हवताना कळतं की ही एक लांबलचक दरी आहे, दोन्हीकडे डोंगर आणि मधे पाणी.

आठ-साडेआठपर्यंत मस्त. मग पूर्वेच्या डोंगरामागे एक ढग वर चढायला लागला, वरून कोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा आणि खाली शाई. इतक्या सकाळी असं सहसा होत नाही. ठाणेकराने एकदा वर बघितलं आणि काही न बोलता कनू काठाकडे वळवली, आम्ही मागोमाग. विजेचं गणित साधं आहे, चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप फोनमध्ये होतं, विजेचा इशारा छान देतं, पण त्या दरीत नेटवर्कच येत-जात होतं, म्हणून मोजता यायला हवं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा पंचवीस. काठ दोनशे मीटरवर होता. लागलो, कनू ओढून वर घेतल्या, पालथ्या घातल्या, झाडाला बांधल्या आणि पायवाटेने वरच्या वाडीकडे पळत सुटलो.

झाडाखाली थांबायचं नाही, तंबू उपयोगाचा नाही, पक्कं घर किंवा देऊळ बघायचं. देवळाच्या सभामंडपात पोचलो आणि जे काही कोसळलं! समोरचं अंगण दिसेना. तिथे एक बाबा आधीच बसले होते, डोक्यावर घोंगडीची खोळ, शेजारी काठी. आम्हाला बघून सरकून जागा केली.

"कुठले?"

"मुंबईचे बाबा."

"मुंबईत कुठं?"

सांगितलं. हे त्या भागात अगदी ठरलेलं असतं, कारण तिथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईत असतंच. बाबांनी स्वतः मशीद बंदरला माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहिल्या होत्या. घोडपदेवला गावकीची खोली होती, त्यात गावातले सगळे बाप्ये मिळून राहायचे, ट्रंका एकावर एक, झोपायला पाळ्या. पुढे बाजार वाशीला गेला, आता थोरला मुलगा घणसोलीला. गिरगावकर लहानपणी ज्या चाळीत होता त्याच्या खालच्याच मजल्यावर अशी जावळीकडच्या, म्हणजे याच भागातल्या लोकांची खोली होती म्हणे, मग त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच.

मी विचारलं, बाबा तुमचं गाव आधीपासून इथंच का? त्यांनी काठी उचलून पावसातच पाण्याकडे दाखवली. "खाली. घर, खळं, देऊळ समदं खाली." पाणी चढलं तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. घराची लाकडं काढून डोक्यावरून वर आणली, काही भाऊबंद वर सरकले, काहींना लांब लांब जमिनी मिळाल्या, कोणी रायगडात, कोणी रत्नागिरीकडे, कोणी सोलापूरला. मग १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. "गाडगी-मडकी पडली, आम्ही थंडीत बाहेर बसलो, आय म्हणायची आता हे पाणी पण घेनार का काय." कोयनानगरला तर होत्याचं नव्हतं झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

हे सगळं ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पण मला तिथे बसून सारखं आठवत होतं की याच पाण्याचे बोगदे पश्चिमेला पोफळीकडे जातात, तिथे वीज होते, सगळे टप्पे मिळून जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प, आणि ती वीज आपण मुंबईत बटण दाबून वापरतो. आम्ही सकाळपासून ज्या पाण्यावरून एवढ्या आनंदाने आलो त्याच्या तळाशी बाबांचं अंगण आहे. ही गोष्ट बॅकवॉटरला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला वाटतं, सेल्फी काढायच्या आधी.

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास थांबायचं, मधे परत वाजलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. असं करता करता दुपारचे दोन वाजले. बाबा म्हणाले आता कुठं जाता, हितंच ऱ्हावा. त्यांच्या घरामागच्या पडीक वावरात तंबू टाकले. संध्याकाळी आजींनी तांदळाच्या भाकरी आणि वरणासारखं पातळ कुळथाचं पिठलं दिलं. पैसे घेईनात, मग आम्ही आणलेला चहा, साखर आणि तेल त्यांच्या घरी ठेवलं. आजींनी डोंबिवलीकरणीच्या पायाची जळू बघितली, तंबाखू चोळून एका सेकंदात काढली, आणि म्हणाल्या, "रगात थोडं जाऊंदे, घाबरू नगं."

रविवार

रात्रभर पडत होता आणि सकाळीही चालूच, पण गडगडाट नाही, संथ एकसारखा पाऊस. आज मुक्काम हलवायचा नव्हता. कनू रिकाम्या घेऊन संगमापर्यंत जाऊन येऊ असं ठरलं. जाताना वारा पाठीशी होता, दक्षिणेकडून. सामानातला एक ड्रम वजनासाठी मागे ठेवला, पाठीवर वारा असला की वजन मागे हवं, होडी सरळ पळते. फार कष्ट न घेता भराभर पुढे गेलो. हेच फसवं असतं. पाठीवरचा वारा जाणवत नाही, येताना तोच तोंडावर घ्यायचा असतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी वळून उलट्या दिशेने थोडं वल्हवून बघायचं असं ठरवलेलं. तिसऱ्या वेळी वळलो तेव्हा डोंबिवलीकरीण म्हणाली, बास, इथून परत. संगम समोर दिसत होता, दोन दऱ्यांचं पाणी वेगवेगळ्या रंगाचं, सोळशीकडचं जास्त गढूळ. तिथूनच बघितलं आणि फिरलो.

येताना खरी मेहनत. अशा लांब दरीत वाऱ्याला मोकळं पाणी मिळालं की लाटा वाढत जातात, वीतभरच्या फूटभर झाल्या. आता ड्रम पुढे सरकवला, कारण समोरून वारा असताना नाक हलकं राहिलं तर वारा ते उचलून फिरवतो. दोघीही बाकावरून उतरून गुडघ्यावर बसलो, वजन खाली गेलं की होडी डळमळत नाही. लाटा नाकाच्या जरा तिरक्या घ्यायच्या, अगदी समोरून घेतल्या की पाणी आत येतं. तरी येतच होतं, वरून पावसाचं आणि पुढून लाटेचं. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून त्याचं भांडं केलेलं, दोरीने होडीला बांधलेलं. मी वल्हवायचे, ती दहा भांडी उपसायची, मग परत दोघी. पूर्ण काठाने, एका टेकाडाच्या आडोशाला पोचायचं, तिथे वारा लागत नाही, दोन मिनिटं श्वास घ्यायचा, पाणी उपसायचं, मग पुढच्या टेकाडाकडे. तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी फोड आले होते, पावसाच्या पाण्याने चरचरत होते. ठाणेकर-गिरगावकराची कनू आमच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर, कधी पुढे नाही कधी मागे नाही. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून अंगावर, पोहता येतं म्हणून काढायचं नाही, पट्टे घट्ट.

एका आडोशाला थांबलो असताना धनेशाची जोडी आमच्या डोक्यावरून पलीकडच्या जंगलाकडे गेली. त्या पंखांचा आवाज! पावसातही स्वच्छ ऐकू आला, हुफ हुफ हुफ. फोन ड्रममध्ये होता आणि बरं झालं, चौघांनीही मान वर करून शेवटपर्यंत बघितलं.

मुक्कामाला पोचलो तेव्हा हात थरथरत होते. ऑक्टोबर असला तरी भिजलेल्या अंगाला वारा लागला की थंडी भरते, दात वाजायच्या आधी कोरडे कपडे आणि गरम काहीतरी पोटात हे झालंच पाहिजे. आल्याचा चहा, गूळ-शेंगदाणे. बाकी दुपार तंबूत. पत्ते, झोप, पावसाचा आवाज. बाबांच्या नातवाने जाळ्यातला कटला आणून दिला, ताजा, आजींनी त्याचं कालवण केलं, तिखटजाळ, भाताबरोबर. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर लोक फक्त त्यासाठी जातील.

सोमवार

पहाटे पाचला बाहेर डोकावलं तर पाऊस थांबलेला आणि पाणी सपाट. बाबा आधीच उठलेले. निघताना त्यांनी ठाणेकराला सांगितलं की मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर ये, जुन्या घराचा चौथरा दाखवतो. ठाणेकराने त्यांच्या मुलाचा घणसोलीचा नंबर घेतला, जाताना काही सामान पोचवायचं असेल तर कळवा म्हणाला.

सहाच्या आत पाण्यात, दक्षिणेकडे बामणोलीच्या वाटेला. पाण्यावरून धुक्याचे पट्टे सरकत होते, काठ दिसायचा आणि जायचा. धुक्यात लाँचचा धोका असतो म्हणून काठाला चिकटून, शिट्टी गळ्यात आणि टॉर्च चालू. सातच्या सुमारास लाँच आलीच, शाळेची मुलं भरलेली, दप्तरं छातीशी धरून. आम्हाला बघून सगळी एका बाजूला आली, लाँचवाला ओरडला, मग मुलांनी हात हलवले आणि आम्ही वल्ही वर केली. लाटा येईपर्यंत नाक त्यांच्याकडे वळवून थांबलो, दोन-तीन हेलकावे, संपलं. रविवारी जे अंतर जीव काढत होतं तसंच अंतर आज वाऱ्याशिवाय बघता बघता गेलं. हात दुखत होते पण लय इतकी बसली होती की मी आणि डोंबिवलीकरीण एकदाही बोललो नाही तरी बाजू बदलताना दोघींचं वल्हं एकदमच उचललं जायचं.

नऊच्या आधी बामणोली. शुक्रवारचे लाँचवाले तिथेच, "आलात व्हय" म्हणत कनू वर ओढायला हात लावला. वाऱ्याबद्दल त्यांनी जे सांगितलं होतं ते तंतोतंत खरं निघालं, तसं त्यांना सांगितलं, नकाशा मातीत काढणाऱ्याला फार बरं वाटलं. कनू धुतल्या, ओले तंबू वेगळ्या पोत्यात भरले, कचरा सगळा मोजून परत आणलेला तो गाडीत. वासोट्याला जाताना वनखाते प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत रक्कम घेतं, तीच सवय पूर्वेच्या काठालाही लावून घ्यायला हवी, काही खाचांमध्ये लाँचच्या पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या तरंगत होत्या. आम्हाला जमतील तेवढ्या उचलल्या, एक अख्खं पोतं भरलं.

जेवून अकराला निघालो, कासला ऊन पडलेलं, खंबाटकीला ट्रॅफिक, लोणावळ्याच्या पुढे परत पाऊस. डोंबिवलीकरीण गाडीतच नोव्हेंबरच्या तारखा बघत होती, तेव्हा पाऊस गेलेला असेल आणि सकाळचा वारा कमी असतो. तेव्हा दक्षिणेच्या बाजूला जायचंय, पण तिकडे अभयारण्याचा काठ जास्त आहे, त्यामुळे आधी बामणोलीच्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन कुठपर्यंत वल्हवत जायला परवानगी मिळते ते विचारायचं आणि मगच मुक्कामाच्या जागा ठरवायच्या. कोणाला यायचं असेल तर पोहता येणं आणि मनोरीच्या खाडीत आमच्याबरोबर दोन-चार रविवार सराव करणं एवढीच अट आहे, कनूत दोन जागा रिकाम्या होऊ शकतात कारण ठाणेकर तिसरी कनू शोधतोय.